मल्टिपल इनहेरिटन्स वापरताय? या चुका टाळा

डिसेंबर 2023 पर्यंत दादरला कुणी "एक नंबरवर भेट" म्हणालं, की पहिला प्रश्न यायचा, "वेस्टर्न की सेंट्रल?" दोन्ही लाइनींचे नंबर एकपासूनच सुरू व्हायचे. मग सेंट्रलचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झाले आणि तो घोळ मिटला.

मल्टिपल इनहेरिटन्स म्हणजे एकच क्लास दोन किंवा जास्त पेरेंट क्लासवरून बनवणं. त्या पेरेंट क्लासमध्ये एकाच नावाची मेथड असली की नेमकं हेच होतं. ती मेथड बोलावताच सी++ चा कंपायलर "यातली कुठली?" म्हणून अडून बसतो. पायथन विचारत बसत नाही. क्लासच्या नावापुढच्या कंसात जो पेरेंट आधी लिहिलाय त्याची मेथड उचलतो आणि गाडी सुटते. म्हणून दादर(वेस्टर्न, सेंट्रल) आणि दादर(सेंट्रल, वेस्टर्न) यांत फरक पडतो, आणि एररही येत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक मात्र पायथनच्या सुपरची. सुपर म्हणजे आपला पेरेंट, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. मीही कित्येक दिवस धरलं होतं. खरं तर मेथड शोधायला पायथन क्लासची एक रांग लावतो, आणि सुपर त्या रांगेतल्या पुढच्या क्लासकडे जातो. वेस्टर्न आणि सेंट्रल दोघेही स्टेशन या क्लासमधून आलेत असं समजा. दादरची रांग लागते ती अशी: दादर, वेस्टर्न, सेंट्रल, स्टेशन. म्हणजे वेस्टर्नमधला सुपर थेट सेंट्रलमध्ये उतरतो, जी त्याची पेरेंट नाहीच! तिच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडला) वेगळे आर्ग्युमेंट लागत असतील तर टाइपएरर ठरलेला. आर्ग्युमेंट नावानिशी द्या, आपल्याला नको असलेले पुढे ढकला. वैतागून सुपर काढून सगळीकडे थेट पेरेंटचं नाव लिहिलंत, तर स्टेशनचा कन्स्ट्रक्टर दोनदा चालेल. डेटाबेसचं कनेक्शन तिथे उघडत असेल तर बघा मग.

शंका आली की अंदाज बांधू नका, क्लासवर एमआरओ (मेथड शोधायचा क्रम सांगणारी) मेथड चालवून रांग छापून घ्या. पायथन 2.3 पासून ही रांग सी3 नावाच्या नियमाने लागते. एका क्लासमध्ये वेस्टर्न आधी, दुसऱ्यात सेंट्रल आधी, आणि तुम्ही त्या दोन क्लासवरून तिसरा बनवायला गेलात, तर तो तयारच होत नाही. तिथे मुकाट्याने क्रम सारखा करा.

सी++ वाल्यांसाठी एकच: तिथे दादरमध्ये स्टेशनच्या दोन प्रती येतात. एकच हवी असेल तर व्हर्च्युअल हा शब्द मधल्या दोन्ही क्लासना, म्हणजे वेस्टर्न आणि सेंट्रलला, लागतो. दादरला लावून त्या दोन प्रती काही एक होत नाहीत.