बर्लिनमधलं तिसरं पंक्चर

जानेवारीत एकाच आठवड्यात माझ्या सायकलचं मागचं चाक तीनदा बसलं. नॉयकोल्नहून मिट्टेला रोज सायकलने जातो. रस्ता सपाट आहे, आणि ऊ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, सायकल न्यायची तर तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

31 डिसेंबरच्या रात्री इथे रस्तोरस्ती फटाक्यांबरोबर बाटल्याही फुटतात. तो काचांचा चुरा रस्त्यावरच्या सायकलींसाठीच्या पट्ट्यात बरेच दिवस पडून असतो. घमेल्यात पाणी घेऊन बसलेले कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका इथे कुठून आणणार? म्हणून बाथरूममधल्या बादलीत ट्यूब बुडवली, बुडबुडे शोधले, पॉलिश पेपर घासून ठिगळ लावलं. दोन दिवसांत पुन्हा फुस्स, तेही ठिगळाच्या अगदी शेजारी!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर धरून ट्यूब टायरलगत ठेवली आणि भोक टायरच्या नेमक्या कुठल्या भागासमोर येतं ते पाहिलं. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवला. (बोट फिरवू नका, मी कापून घेतलंय.) एके ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. चिमट्याने ओढल्यावर तांदळाच्या कणीएवढी हिरवी काच निघाली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

नंतर आत जाड रबरी थर असलेले टायर घातले. सायकल जड झाली, चढावर जाणवतं, पण चढ आहेतच किती! व्हॉल्व्ह मात्र तोच, आपल्या गावाकडच्या सायकलींना असतो तसला.