पंच्याऐंशीच्या पुढचं घरून मतदान: बारा-ड, दोन लिफाफे आणि घरातली माणसं

निवडणूक जाहीर झाली की सगळे मतदानाची तारीख विचारतात. घरात पंच्याऐंशी ओलांडलेलं माणूस असेल आणि त्यांचं मत घरी बसून व्हावं असं वाटत असेल, तर तुम्ही आधी दुसरी तारीख विचारा: अधिसूचना, म्हणजे निवडणुकीची अधिकृत सूचना, कधी निघणार? घरून मतदानासाठी नमुना १२-ड भरावा लागतो आणि तो अधिसूचनेनंतरच्या पाच दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. मतदानाच्या आधीचे पाच दिवस नव्हेत, अधिसूचनेनंतरचे. दरवेळी निम्मा गोंधळ इथेच होतो.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि आमच्या यादीभागाची, म्हणजे मतदार यादीतल्या आमच्या भागाची, बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आहे. २०२४ ला लोकसभेची आमची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली. पाचवा दिवस आला १७ एप्रिलला, म्हणजे रामनवमीला. विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरची. पाचवा दिवस २७, रविवार आणि दुसऱ्या दिवशी वसुबारस. घराघरात चकलीची भाजणी दळून आलेली, मुंबई-पुण्याची मुलं अजून गावी पोचायची होती. "दिवाळीत सगळे जमले की बघू" म्हणणाऱ्यांची मुदत तिथेच गेली, आणि मतदान तर २० नोव्हेंबरला होतं. सणवार, रविवार काहीही मध्ये आलं तरी मुदत पुढे सरकेल असं धरून चालू नका.

त्याच्याही आधीचं एक काम आहे, आणि ते निवडणुकीची हवा नसतानाच करायचं. मतदार यादीत आजी-आजोबांचं वय किती लिहिलंय ते बघा. आमच्यासाठी यादीतलं वय महत्त्वाचं. घरात सगळे "आजोबा नव्वदीचे" म्हणतात आणि यादीत ७९ असतं, कारण कधीकाळी कुणीतरी अंदाजाने लिहिलेलं. दुरुस्तीसाठी नमुना ८ भरतात, ऑनलाइनही होतो. ही वयाची अट पूर्वी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. त्यामुळे "शेजारच्या तात्यांना मागे ब्याऐंशीला मिळालं होतं" हा मुद्दा आता चालत नाही. वय कमी असलं तरी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर १२-ड भरता येतो. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडायची.

अर्ज घेऊन बीएलओ घरी येतो. वाट बघत बसू नका, यादीभागाच्या बीएलओचा नंबर आधीच मिळवून ठेवा. मिळाला नाही तर १९५० या मतदार मदत क्रमांकाला फोन करून विचारा. अर्जावर सही किंवा अंगठा मतदाराचाच हवा. नातवाने आजीची सही "तशीच्या तशी" करून दिलेला अर्ज मला एकदा अंगणातच परत करावा लागला. आजी दहा फुटांवर माळ ओढत बसल्या होत्या, सही करायला अगदी ठणठणीत. मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा लिहा. पुण्याच्या मुलाचा लिहिलात तर पथक येण्याचा निरोप पुण्याला जाईल. आणि अर्ज दिल्याची पोच मागून घ्या. बाईंवर विश्वास आहे म्हणून पोच नको, असं म्हणणारे लोक भेटतात. विश्वास आहे हे चांगलंच, पण पोच घ्या.

अर्ज मंजूर झाला की यादीत त्या नावापुढे टपाली मतपत्रिकेची "पीबी" अशी खूण होते. त्यानंतर त्या व्यक्तीला केंद्रावर मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी बरं वाटतंय, चला रिक्षाने जाऊन येऊ, असं होणार नाही. म्हणून माझं मत विचाराल तर काठी टेकत का होईना, जे जाऊ शकतात त्यांनी केंद्रावर जावं. घरून मतदान सक्तीचं नाही, मागितलं तरच मिळतं. केंद्रावरच्या मशीनजवळ त्यांच्यासोबत कुणी नसतं. घरात नेमकं तेच सांभाळणं अवघड असतं.

पथक मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत येऊन जातं, वेळ आधी कळवतं. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. पहिल्या खेपेला मतदार घरी नसेल तर दुसरी खेप होते, तिसरी होत नाही. दवाखान्याची तारीख त्याच दिवशी असेल तर आधीच कळवा. कोणाकडे कधी जाणार हे उमेदवारांनाही कळवलेलं असतं आणि त्यांचे प्रतिनिधी सोबत येऊ शकतात. दारात दोन पक्षांची दोन माणसं दिसली तर दचकू नका, रागावूही नका. त्यांनी असावं हेच बरं. उद्या कुणी म्हणालं की अमक्या आळीत पथकानेच मतं उरकली, तर उत्तर द्यायला विरोधी पक्षाचाच माणूस साक्षीला असतो.

खरी अडचण बाहेरच्यांची नसते. पथक येतं तेव्हा घरात सगळे गोळा होतात. मुलगा आईच्या खुर्चीमागे उभा, सून पदर सावरत दारात, नातू मोबाइल काढून. "आई, तुला सांगितलंय ना, वरून तिसरं." यात कुणाला काही गैर वाटत नाही. "बाई, आईचं आणि आमचं वेगळं कुठंय?" असं हसत सांगतात. पण मत आईचं आहे. पथकाकडे पुठ्ठ्याचा मतदान कक्ष असतो, तो टेबलावर उभा करतात. टेबल नसेल तर पाटावर. त्याच्या आत काय चाललंय ते मुलाने, पक्षाच्या माणसाने किंवा कॅमेऱ्याने बघायचं नसतं. व्हिडिओ बाकीच्या प्रक्रियेचा, खुणेचा नाही. एका आजींनी हे आमच्यापेक्षा नीट सांभाळलं होतं. मुलगा मागे उभा राहिला तसं त्या म्हणाल्या, "तू चहा ठेव जा सगळ्यांना." तो गेला. आधण येईपर्यंत त्यांचं मत देऊन झालं होतं. चहा अर्थात आम्ही घेतला नाही, ड्युटीवर मतदाराच्या घरचं घ्यायचं नसतं, पण त्या मुलाला ते काही पटलं नाही.

दृष्टी अधू असेल किंवा हात चालत नसेल तर अठरा वर्षांवरचा एक सोबती मदत करू शकतो. तो मतदाराने निवडायचा, घराने नव्हे. आणि मदत म्हणजे त्यांनी सांगितलेल्या नावापुढे खूण करणं, नाव सुचवणं नव्हे. माणूस बोलतच नसेल, ओळखत नसेल, तर घरच्यांनी त्याच्या वतीने अर्ज भरायच्या भानगडीत पडू नये. हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाने आईच्या नावाने दिलेलं मत हे दुसऱ्याच्या नावाने दिलेलंच मत आहे.

आता लिफाफे. हा भाग नीट वाचा, कारण टपाली मतं बाद होतात ती बहुतेक इथल्या चुकांमुळे. मतपत्रिकेवर पेनने एकाच नावापुढे खूण करायची. बरोबरची असो वा फुलीची, चालते. कुणाला मत आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे. मतपत्रिकेवर सही करायची नाही, नाव लिहायचं नाही, "जय हरी" सुद्धा नाही. मतदाराची ओळख पटेल अशी कुठलीही खूण असली की ते मत बाद. मतपत्रिका १३-ब या लहान लिफाफ्यात घालून बंद करायची. १३-अ म्हणजे घोषणापत्र. त्यावर मतदाराची सही आणि साक्षांकन, घरून मतदानात ते पथकातला अधिकारी करतो. घोषणापत्र लहान लिफाफ्यात घालायचं नाही. लहान लिफाफा आणि घोषणापत्र, दोन्ही १३-क या मोठ्या लिफाफ्यात जातात आणि तो बंद होतो.

मतमोजणीला आधी मोठा लिफाफा उघडतात आणि घोषणापत्र तपासतात. ते नसेल, सही नसेल, साक्षांकन नसेल, किंवा घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लहान लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान लिफाफा न उघडताच बाजूला जातो. आत कुणाला मत होतं हे कुणाला कधीच कळत नाही. म्हणून पथक घरात असतानाच दोन्ही क्रमांक मोठ्याने वाचायला सांगा. आम्हाला राग येत नाही. दुपारी तीनच्या उन्हात विसाव्या घरात शिरलेल्या अधिकाऱ्याला असं कुणी विचारलेलं बरंच असतं.

इतकं बारीक कशाला, असं वाटत असेल तर मुंबई उत्तर-पश्चिमचा २०२४ चा लोकसभेचा निकाल बघा. मशीनवरच्या मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मतं, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं धरल्यावर वायकर ४८ मतांनी विजयी. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, कारण विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर तसं करावंच लागतं. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निवडणूक याचिका फेटाळली गेली. निकालावर कोण काय बोललं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या १११ लिफाफ्यांत कुणाची सही राहिली होती, कुणाचा क्रमांक चुकला होता, ते मात्र कुणी विचारत नाही. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी.

तुमच्या ओळखीचा कुणी मतमोजणी प्रतिनिधी, म्हणजे मोजणीला बसणारा उमेदवाराचा माणूस, असेल तर त्याला सांगून ठेवा: टपाली मतांचं टेबल सोडू नकोस. मोजणी सकाळी आठला टपाली मतांनीच सुरू होते आणि त्या वेळेनंतर पोचलेला लिफाफा उघडला जात नाही. साडेआठपासून मशीन सुरू झाली की सगळे प्रतिनिधी तिकडे पळतात, टपालाच्या टेबलावर जांभया देणारे एक-दोघंच उरतात. मग संध्याकाळी तेच ओरडतात की टपालात घोळ झाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भारत निवडणूक आयोगाने सांगितलं की टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय मशीनची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. चांगलं केलं. पण समोर कुणी बसलंच नाही तर नियमाचा काय उपयोग? बाद किती, कोणत्या कारणाने, हे तिथेच विचारता येतं, लिहून घेता येतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. निवडणूक ड्युटीवर असाल तर टपाली मतासाठी नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी द्यायचा. आपलं नाव आहे त्याच मतदारसंघात ड्युटी असेल तर १२-अ चार दिवस आधी, म्हणजे प्रमाणपत्र घेऊन ड्युटीच्या केंद्रावरच मत देता येतं. पूर्वी आम्हा ड्युटीवाल्यांतले काही जण टपाली मतपत्रिका घरी नेऊन मोजणीच्या सकाळपर्यंत ठेवायचे, आणि गावातला पुढारी ती "बघायला" मागायचा. २०२३ च्या नियमबदलानंतर ड्युटीवाल्यांसाठी उघडलेल्या सुविधा केंद्रातच मत देऊन मतपत्रिका तिथेच परत करायची. प्रशिक्षणाच्या दिवशी जेवणाच्या रांगेआधी तिकडची रांग धरा. अत्यावश्यक सेवेत नोंदलेल्या खात्यांचे कर्मचारी १२-डच भरतात, पण त्यांना घरी पथक येत नाही, ठरलेल्या टपाली मतदान केंद्रावर जावं लागतं. सैन्यातल्या मुलाची मतपत्रिका ऑनलाइन येते आणि टपालाने परत जाते. त्याने उशीर करू नये, आठची वेळ त्यालाही लागू आहे. अमेरिकेतल्या मुलाला, भारतीय पासपोर्ट असला तरी, इथे येऊनच मत द्यावं लागतं. पुण्यात शिकणाऱ्या नातीलाही गावी यावंच लागतं.

आणि नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद? ही सगळी सोय लोकसभा-विधानसभेच्या नियमांतली. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे तुमचा विधानसभेचा १२-ड चालत नाही. "मागे बाई घरी आल्या होत्या, यंदा का नाही?" हे मला दर खेपेला ऐकावं लागतं. गंमत अशी की मतांची किंमत तिथेच सगळ्यात जास्त. प्रभागात पाच-दहा मतांवर खुर्ची फिरते आणि संशयही तिथेच लवकर पेटतो. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांचं बहुतेक ठिकाणी २ तारखेला मतदान झालं आणि मोजणी २१ ला गेली, तेव्हा मशीन ठेवलेल्या खोल्यांबाहेर कार्यकर्ते थंडीत पहारा देत बसले होते.

तर स्थानिक निवडणुकीला आजींना केंद्रावर न्यायचं आहे असं धरूनच तयारी करा. केंद्र तळमजल्यावर आहे का, रॅम्प आहे का, हे आदल्या दिवशी शाळेत डोकावून बघा. आम्ही तिथेच साहित्य लावत असतो. सकाळी साडेसातला मशीन सुरू झाल्यावरची पहिली गर्दी ओसरू द्या, ऊन चढायच्या आत न्या. रांगेत उभं करू नका, पुढे येऊन केंद्राध्यक्षांना सांगा, वयस्कांना आधी सोडतात. ओळखपत्र कालच्या पिशवीत राहिलेलं नाही ना, ते घरातून निघतानाच बघा. आणि पक्षाने पाठवलेल्या रिक्षातून नेऊ नका. भाडं तुमचं तुम्ही द्या.