पनामा कालव्यातून शिडाच्या नौकेने: कोल्हापूरहून निघण्यापूर्वीची तयारी

मित्राच्या शिडाच्या नौकेवरून पनामा कालवा ओलांडण्यासाठी कोल्हापूरहून निघणाऱ्या मंडळींनी पाहुणे म्हणून नव्हे, तर खलाशी म्हणून तयारी करावी. कारण लहान नौकेवरही सुकाणू धरणाऱ्याखेरीज दोर सांभाळणारे चार जण असावेच लागतात.

सर्वप्रथम पीतज्वराच्या लसीचे पाहावे. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि ते जवळ नसल्यास परतल्यावर मुंबई विमानतळावरच विलगीकरणात अडकण्याची वेळ येऊ शकते. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण त्यानंतर करावे.

खरी तयारी दोरांची आहे. किमान 125 फूट लांबीचे चार जाड दोर आणि नौकेच्या दोन्ही अंगांना बांधायचे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, यजमान मिळवतो. आपण हात तयार ठेवायचे. कॅरिबियन बाजूने आत शिरल्यावर गाटुन येथील तीन लॉक, म्हणजे प्रचंड दारांचे पाण्याचे हौद, नौकेला समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर उंचीवरच्या तलावापर्यंत चढवतात. भिंतीवरील कर्मचारी टोकाला वजनदार गाठ असलेली बारीक दोरी फेकतो (त्या वेळी डोके सांभाळावे, आणि सौर पॅनेलांवर गादी टाकून ठेवावी). ती आपल्या दोराच्या फासात बोलाइन गाठीने (न सरकणाऱ्या फासाची खलाशी गाठ) बांधली की तो आपला दोर वर ओढून खुंटाला अडकवतो. पाणी तळातून उसळत येते आणि नौका हेलकावते, म्हणून ती वर चढेल तसतसा दोर क्लीटवरून (नौकेवरील दोर अडकवायच्या खुंटीवरून) आखडून घ्यायचा, पलीकडे पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस येथील लॉकमधून उतरताना तो हळूहळू सोडायचा, आणि कोणत्याही परिस्थितीत हाताला वा मनगटाला गुंडाळायचा नाही. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर एकाने वर व एकाने खाली उभे राहून याचा सराव करता येईल. बोलाइन तर अंधारातही बांधता आली पाहिजे. शेवटच्या लॉकचे दार उघडताना गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळून ओढ निर्माण होते, तेव्हा सांगितल्याशिवाय दोर सोडू नये.

हे सांगणारा असतो कालवा प्राधिकरणाचा सल्लागार. त्याला गरम जेवण, बाटलीबंद पाणी आणि सावली देणे यजमानाकडे लागते. त्याच्यासाठी तांबडा रस्सा करण्याचा उत्साह आवरावा; कांदा-लसूण चटणी आपल्या ताटापुरती न्यावी.

कालव्यात नौका इंजिनावरच चालते, त्यामुळे शिडे फडकलेली छायाचित्रे बाहेरच्या समुद्रातच मिळतील. हातमोजे, न घसरणारे बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घ्यावेत. जानेवारी ते एप्रिलचा कोरडा काळ टळल्यास रेनकोटही घ्यावा. बहुधा एक रात्र गाटुन तलावातच काढावी लागते, पण पोहण्याचा पोशाख तिथे बाहेर काढू नये, कारण तलावात मगरी आहेत.

ओलांडण्याची तारीख ऐन वेळी पुढे जाऊ शकते. परतीचे तिकीट बदलता येण्याजोगेच काढावे.