लांडग्याच्या माळावर मेंढवाडा कसा राखावा

येवला तालुक्यातला मामदापूर-राजापूरचा काळविटांचा माळ, नांदगाव-मालेगावकडची गवताळ पठारं, सिन्नरचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा. नाशिक जिल्ह्यात लांडगा आणि मेंढरं एकाच गवतावर जगतात. लांडगा काळवीट, ससा, उंदीर खातोच, पण जिथं कळप रोज समोरून जातो तिथं शेळी-मेंढीचाही त्याच्या पोटात मोठा वाटा असतो. देशभरात लांडगे उरलेत सुमारे तीन हजार. 2022 च्या गणनेत वाघ 3,682 भरले होते, म्हणजे लांडगा त्याहूनही कमी आहे. शिवाय तो जगात टिकून असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक. त्याचं जगणं अभयारण्याच्या हद्दीत ठरत नाही, ते मेंढपाळाच्या वाड्यापाशी ठरतं. म्हणून सुरुवात वाड्यापासून.

वाडा आतून फुटतो

रात्रीचं मोठं नुकसान बहुतेक वेळा लांडगा आत शिरल्यानं होत नाही. तो वाघरीभोवती, म्हणजे वाड्याच्या जाळीभोवती फिरतो, मेंढरांना वास येतो, सगळा कळप एका बाजूला रेटा देतो आणि जाळी आडवी होते. बाहेर पळालेली मेंढरं मग अंधारात आयती सापडतात. त्यामुळं वाघर बाहेरच्या लांडग्याइतकीच आतल्या रेट्यासाठीही बांधायची असते.

100 मेंढरांना रात्री बसायला मेंढरामागे 11-12 चौरस फूट जागा धरा. वाडा गोल घ्या: व्यास साधारण 38 फूट, घेर 120 फूट. चौकोनी वाड्यात घाबरलेला कळप कोपऱ्यात चढतो आणि खालची कोकरं गुदमरून मरतात. जाळी 5 फूट उंच हवी. तीन-साडेतीन फुटांच्या वाघरीवरून लांडगा सहज येतो. जाळीचं भोक 4 इंचांपेक्षा मोठं नको, नाहीतर कोकराचं डोकं अडकतं.

खुंट दर 6 फुटांवर, म्हणजे एका वाड्याला 20. मुरमाड जमिनीत नुसता खुंट ठोकला तर तो चार बोटंही जात नाही, म्हणून पहारीनं आधी सव्वा फूट भोक पाडा आणि मगच खुंट बसवा. जाळी प्रत्येक खुंटाला तीन जागी बांधा: वर, मधे, तळाशी. फक्त वरची कड बांधणं ही सर्रास होणारी चूक आहे. खालची कड सैल राहते, लांडगा नाकानं ती उचलतो आणि कोकरू ओढून नेतो. तळाची कड सहा इंच बाहेर वळवून तिच्यावर दगड रचा. दाराशी जाळीची दोन टोकं निदान 3 फूट एकमेकांवर आली पाहिजेत.

कायमचा वाडा असेल तर 6 फुटी चेन लिंक जाळी, तिचा खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवलेला आणि दगडांनी दाबलेला. उकरणारा प्राणी जाळीच्या पायथ्याशीच उकरतो, त्याला तिथं लोखंड लागलं की तो सोडून देतो.

जागा निवडताना ओढा, घळ आणि वेड्या बाभळीची झाडी यांपासून निदान 150 फूट लांब राहा. खतासाठी शेतात मेंढरं बसवताना शेजारी उभा ऊस असेल तर प्रश्न लांडग्याचा राहत नाही, बिबट्याचा होतो. उघड्या वाघरीवरून बिबट्या सहज उडी मारतो. तिथं वरून झाकलेलाच वाडा हवा, किंवा ते शेत सोडावं.

तान्ही कोकरं मोकळी ठेवू नका. वाड्याच्या मधोमध, बिऱ्हाडाच्या बाजूला, डालग्याखाली झाका आणि डालग्यावर वजन ठेवा.

लाल पट्ट्यांचा दोर

दोरावर कापडी पट्ट्या टांगून लांडगा अडवण्याची युक्ती पूर्व युरोपातली जुनी आहे. हलणाऱ्या पट्ट्यांची रांग ओलांडायला लांडगा बिचकतो. कॅनडा आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत हा परिणाम साधारण 60 दिवस टिकला. म्हणजे हे कायमचं कुंपण नाही. विणीच्या दिवसांत किंवा हल्ला झाल्यावर पुढचे काही आठवडे वापरायचं हत्यार आहे. वर्षभर लावून ठेवलं तर लांडगा सरावतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते निकामी ठरतं.

पट्टी 20 इंच लांब, 4 इंच रुंद. दोन पट्ट्यांमध्ये 20 इंच अंतर. दोर अशा उंचीवर ताणा की पट्टीचं खालचं टोक जमिनीला जेमतेम टेकेल. वर सांगितलेल्या वाड्यापासून 15 फूट बाहेर दोर फिरवला तर सुमारे 215 फूट दोर आणि 130 पट्ट्या लागतात. दोन जुन्या सुती साड्यांत काम होतं. पट्ट्या गाठ मारून लावू नका. माळावरच्या वाऱ्यात त्या दोराभोवती गुंडाळल्या जातात, आणि तेवढ्या जागेत लांडग्याला वाट मिळते. वरची कड दुमडून दोरावर शिवून घ्या आणि रोज संध्याकाळी एक फेरी मारून गुंतलेल्या पट्ट्या सोडवा. जवळ गवत वाढलं असेल तर कापा, कारण न हलणारी पट्टी काही उपयोगाची नाही.

सौर दिवे लावायचे तर लुकलुकणारे घ्या, चार दिशांना चार, आणि दर तीन-चार दिवसांनी त्यांच्या जागा बदला. एकाच जागी एकसारखा जळणारा दिवा लांडग्याला आठवड्यात ओळखीचा होतो.

कुत्रे

100 मेंढरांमागे दोन-तीन राखणीचे कुत्रे पुरतात, पण ते कळपातच वाढलेले हवेत. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असताना कोकरांसोबत ठेवलं तरच ते मेंढरांना आपलं मानतं. गावातून आणलेला मोठा कुत्रा भुंकेल, पण राखेल याची खात्री नाही. कळप चालू लागला की गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. झटापटीत दात गळ्यावरच येतात.

लसीकरणात कसर नको. डिस्टेंपर आणि पार्व्होची लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मात्रा, रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी. हे आजार कुत्र्याकडून लांडग्याकडे जातात आणि लांडग्यांचा आख्खा कळप संपवू शकतात. रेबीज झालेला लांडगा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून समोर येईल त्याला चावत सुटतो. असा प्राणी दिसला की लांब राहा. चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुत्र्यांची नसबंदीही करून घ्या. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. लांडगे थोडे आणि मोकाट कुत्रे पुष्कळ असले की हे होणारच. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली कोंबडी गावाबाहेर फेकण्याची सवय त्या कुत्र्यांना पोसते. खड्डा 4 फूट, त्यात चुना, वर माती. एवढं झालं तरी माळावरची निम्मी कटकट कमी होते.

चरताना

दिवसाच्या हल्ल्यांत मागे रेंगाळणारी मेंढी जाते: लंगडी, गाभण किंवा आजारी. अशांना कळपासोबत लांब नेऊ नका. लांडगा पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो, म्हणून ओढ्यातून कळप पार करायचा तो उजेडी, आणि एक माणूस पुढं तर एक मागं. परतल्यावर वाडा लावायच्या आधी मोजणी. दुसऱ्या दिवशी मोजलं तर मेंढरू कुठं गेलं हे कळायला उशीर झालेला असतो, आणि पंचनाम्याच्या वेळी तेच आड येतं.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांचा प्रश्न वेगळा, पण जे माळावरच थांबतात त्यांनी हिवाळा जपून काढावा. लांडगीण बहुधा डिसेंबरच्या आसपास विते, ओढ्याच्या काठातल्या बिळात किंवा खडकाखाली. पिल्लं दोन-अडीच महिने बिळाच्या आसपास असतात आणि दोन्ही पालक एकाच भागात शिकार करतात. बीळ माहीत असेल तर वाडा तिथून एक किलोमीटर लांब लावा. बिळाला धुरी देणं, काट्यांनी तोंड बुजवणं, पिल्लं उचलणं यानं मेंढरं वाचत नाहीत. शिवाय लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे: शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये.

एखादं पिल्लू उघड्यावर दिसलं तर ते टाकून दिलेलं आहे असं समजू नका. लांडगीण पिल्लं एका बिळातून दुसऱ्या बिळात हलवत असते. हात लावू नका, गाईचं दूध पाजू नका, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. रात्र उलटली की आई बहुधा घेऊन जाते.

पिंजऱ्याची मागणी

नुकसान झालं की गाव पिंजरा मागतं. राग खरा असतो. पण जोडीतला एक लांडगा उचलला की कळप मोडतो, उरलेली तरणी जनावरं काळवीट मारण्यात कच्ची असतात आणि ती मेंढरांकडेच वळतात. रिकाम्या हद्दीत दुसरे येतात ते वेगळेच. अमेरिकेत यलोस्टोन उद्यानातले लांडगे 1920 च्या दशकात मारून संपवले होते. 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडावे लागले, तेही अनेक वर्षांच्या भांडणानंतर. आपल्याकडं लांडगा अजून गेलेला नाही. तो आणून सोडण्याची गरज पडू न देणं कितीतरी स्वस्त आहे.

हल्ला झाल्यावर

आधी कुणी मारलं ते ओळखा. कुत्र्यांच्या टोळीनं मारलं असेल तर एकाच रात्री बरीच मेंढरं जखमी असतात, कान, शेपूट आणि मांड्या फाटलेल्या, लोकर सगळीकडे विखुरलेली आणि खाल्लेलं फार थोडं. लांडगा गळा किंवा मागचा भाग धरतो आणि एखादं मेंढरू ओढून लांब नेऊन खातो. बिबट्याच्या चाव्यात गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं दिसतात. ठशांत बिबट्याची नखं उमटत नाहीत, लांडगा-कुत्र्याची उमटतात. लांडग्याचा ठसा साधारण 8 सेंमी, पण मोठ्या कुत्र्याचाही तेवढाच असतो. म्हणून एक ठसा पाहून ठरवू नका, 20-30 पावलं मागोवा घ्या. लांडगा सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्याच्या जागी ठेवत जातो, कुत्रा वाकडातिकडा हुंगत फिरतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो.

आणखी एक खूण पशुवैद्यकाला आवर्जून पाहायला सांगा: चाव्याखालची कातडी सोलून. जिवंतपणी चावा झाला असेल तर खाली रक्त साकळलेलं दिसतं. आधीच मेलेल्या मेंढराला कुणी तोंड लावलं असेल तर ते दिसत नाही.

मेलेलं जनावर हलवू नका. त्यावर ताडपत्री आणि काटेरी फांद्या टाका. चांगल्या ठशावर घमेलं पालथं घाला, नाहीतर सकाळच्या गर्दीत तो तुडवला जातो. फोटो चार: सगळं जनावर, जखम जवळून, शेजारी काडेपेटी ठेवून ठसा, आणि वाडा. मग 48 तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपाल कार्यालयात कळवा. फोनवर सांगितलं तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी रक्कम मिळते. दर शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचा दर कार्यालयातच विचारा. कानात टॅग नसेल तर भरपाई अडते, तेव्हा कळपाचं टॅगिंग पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधीच करून घ्या. दुसऱ्या तालुक्यात मुक्काम असेल तर अर्ज घटना घडली तिथल्या कार्यालयात जातो, गावच्या नाही. आधार आणि पासबुकाच्या प्रती बिऱ्हाडाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

पंचनामा झाला की मेलेलं मेंढरू तिथंच राहू द्या. लांडगा त्या शिकारीवर परततो आणि त्याचं पोट भरलं की नवी मेंढी वाचते. कुणी त्या मढ्यावर थिमेट टाकायला निघालं तर थांबवा. त्या विषानं लांडगा मरेलच असं नाही, पण तुमचे कुत्रे, कोल्हे, घारी आणि गिधाडं मात्र हमखास मरतात.