शास्त्रज्ञाचं काम किती वजनाचं, ते कसं पाहावं

फोंड्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी पीएच.डी.साठी गाईड शोधणारी मुलं घरी येतातच. यंदा भाचाच आला, तीन नावं घेऊन. तिघांचंही काम जैवपदार्थ (शरीरात किंवा शरीरावर वापरायचे पदार्थ) आणि रेणवीय जीवशास्त्र या दोन्हींत. ‘मावशी, एकाचा एच-इंडेक्स 52 आहे, त्याच्याकडेच जाऊ ना?’ म्हटलं, आधी जेव, मग बघू.

सगळ्यात आधी नाव पक्कं करा. गोव्यात तर हे फारच गरजेचं. ‘एस. नाईक’ शोधा आणि बघा किती निघतात! एका प्राध्यापकांच्या सत्काराच्या पत्रिकेसाठी मी गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवरून आकडा काढून दिला होता. त्यात दुसऱ्याच कुणा नाईकांचे मातीपरीक्षणावरचे पेपर मिसळलेले. पत्रिका वाटून झाल्यावर सत्कारमूर्तीच माईकवर म्हणाले, ‘मी आयुष्यात माती तपासलेली नाही.’ तेव्हापासून मी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. तो 16 अंकी असतो, फुकट मिळतो, आणि एकाच नावाची माणसं त्याने वेगळी होतात.

आता एच-इंडेक्स. जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005मध्ये तो मांडला. पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांत झालेल्या उल्लेखांच्या, उतरत्या क्रमाने लावा: समजा 40, 22, 9, 5, 4, 3. चौथ्याला 5 आहेत, म्हणजे चार पेपरना किमान चार-चार मिळाले. पाचव्याला पाच नाहीत. एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरचे 40चे 4000 झाले तरी तो 4च! शिवाय वय वाढेल तसा तो चढतो, उतरत नाही. म्हणून साठीच्या माणसाशी पस्तिशीच्या बाईची तुलना करू नका.

खरा वेळ द्यायचा तो यापुढच्या कामाला. गूगल स्कॉलरवर पेपरखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा आणि दहा पेपर उघडून बघा, नाव कुठे घेतलंय. प्रस्तावनेत ‘यांनीही असं म्हटलंय’ म्हणून कंसात पाच नावं असतील, तर ती हजेरी झाली. कृतीच्या भागात ‘यांच्या पद्धतीने केलं’ असेल, तर काम वापरलं गेलं. लोरी आणि सहकाऱ्यांचा 1951चा प्रथिनं मोजण्याचा पेपर घ्या. तीन लाखांहून जास्त सायटेशन, आणि त्यात मोठा सिद्धांत काही नाही, निळा रंग किती गडद येतो त्यावरून प्रथिन मोजायची रीत आहे. आमच्या कॉलेजची पोरंही तेच करायची. उलट रिव्ह्यू पेपरना, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्यांना, सायटेशन भरपूर मिळतात, त्यामुळे ते वेगळे काढून मोजा. स्वतःचेच पेपर स्वतः किती उद्धृत केलेत, तेही.

लेखकांचा क्रमही बघा. या विषयांत पहिलं नाव बहुधा हाताने प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं असतं. मधल्या आठव्या जागेवरचे वीस पेपर म्हणजे वीस शोध नव्हेत.

जैवपदार्थांत मात्र कागदाबाहेर बघावंच लागतं. पेटंट कुणी विकत घेतलं का? वस्तू रुग्णापर्यंत गेली का? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतली डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने झालेली हृदयाची झडप घ्या. आधीचे नमुने बाद झाले, चौथा टिकला. डिसेंबर 1990मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली, नंतर लाखाहून अधिक बसल्या. हे वजन एच-इंडेक्सच्या आकड्यात मावत नाही.

उलटंही घडतं. पाओलो मकियारिनी या शल्यचिकित्सकाने 2011मध्ये स्टॉकहोममध्ये रुग्णाला प्लास्टिकची, मूळपेशी लावलेली श्वासनलिका बसवली. पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, गाजला. रुग्ण दगावत गेले, आणि 2018मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. म्हणून पेपरच्या पानावर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का नाही ना, ते बघा, आणि पबपीअर या पेपरांवर चर्चा करायच्या साइटवर नाव टाकून शंका विचारल्यात का तेही. दोन मिनिटांचं काम, पण मुलं नेमकं हेच टाळतात.

भाच्याचा 52वाला निघाला मुख्यतः रिव्ह्यूंवरचा. तिसऱ्या क्रमांकाच्या बाई सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींपासून कायटोसान नावाचा पदार्थ काढून जखमेवरच्या पट्ट्या करतात. एच-इंडेक्स 19. पण त्यांची कृती दोन परक्या प्रयोगशाळांनी जशीच्या तशी वापरलेली सापडली. त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला सांगितलं. विचारायचं एवढंच: पीएच.डी.ला किती वर्षं लागली, आणि पहिलं नाव कुणाचं लागलं? एकाने लगेच सांगितलं. दुसऱ्याचा फोन अजून आलेला नाही, त्याची वाट बघतोय.