कंपनी म्हणते "तो काम सोडून गेला": पहिल्या आठवड्यात काय करावं

तोंडी "उद्यापासून येऊ नकोस" सांगायचं आणि नंतर "तो स्वतःच येईनासा झाला" असं लिहून द्यायचं, हा कामगार न्यायालयांत जुना बचाव आहे. काढलंच नाही म्हटलं की नोटीस नको, चौकशी नको, भरपाई नको.

पण नुसती गैरहजेरी म्हणजे काम सोडणं नव्हे. परत यायचंच नाही, हा इरादा दिसावा लागतो. डी. के. यादव प्रकरणात (1993) आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप जाईल, असं स्थायी आदेशातच (कंपनीच्या लेखी सेवानियमांत) लिहिलं होतं. गेटवर अडवलं, असं कामगाराचं म्हणणं होतं. त्याला बाजू मांडू न देता नाव कमी करणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं आणि निम्म्या मागील पगारासह (कामाबाहेर राहिलेल्या काळाच्या पगारासह) कामावर घ्यायला लावलं.

म्हणून गेटवर अडवलं की त्याच दिवशी लिहा: "आज अमुक तारखेला सकाळी 7 च्या पाळीसाठी आलो. सुरक्षारक्षकाने आत सोडलं नाही. मी कामावर यायला तयार आहे, रुजू करून घ्यावं." एवढंच. जुनी भांडणं नकोत, "नाहीतर राजीनामा घ्या" तर मुळीच नको. स्पीड पोस्टने पाठवून पोच जपा; हाच मजकूर एचआरला ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरही टाका.

कंपनीचं "हजर व्हा" असं पत्र आलं तर ते घ्याच. चांगल्या केसेस इथेच बुडतात. सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात (2000) नोटीस घ्यायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या विरोधात निकाल गेला. पत्रात दिलेल्या तारखेला खरोखर जा. पुन्हा अडवलं तर पुन्हा लिहा. आजारी असाल तर ईएसआय किंवा डॉक्टरांचा दाखला जोडून कळवा.

"फुल अँड फायनल"च्या, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याच्या कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका. सलग एक वर्षाची सेवा धरली जाण्यासाठी वर्षात 240 दिवस भरावे लागतात; त्याचा पुरावा, म्हणजे पगारपत्रकं, बँकेच्या नोंदी, पीएफ पासबुक, आताच काढून ठेवा. हा पुरावा देण्याची जबाबदारी कामगारावरच असते.

उत्तर आलं नाही तर सेवासातत्य (नोकरीत खंड न धरणं) आणि मागील पगारासह परत घेण्याचं मागणीपत्र द्या आणि त्याची प्रत घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करा. मुदत सांभाळा. तीन वर्षं मिळतात, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याचं गणित. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होत नाही. समेट फसला तर समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जायचं.

तिथे मागील पगार मागताना, काढल्यापासून दुसरीकडे कमाई नाही किंवा पूर्वीपेक्षा कमी आहे, हे अर्जात आणि शपथेवर स्पष्ट सांगा. एवढं सांगितलं की तुम्ही पूर्ण पगारावर दुसरीकडे होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर जाते. हे सर्वोच्च न्यायालयाच्या दीपाली सुरवसे निकालात (2013) आहे.