उंचीचा हिशेब : धावत्या रोलर कोस्टरची प्रतिकृती घडवताना

भाऊबीज आटोपली की भंडारा-गोंदियाकडच्या गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि मधल्या मोकळ्या जागेत आकाशपाळणे व खेळण्यांची दुकाने असा तो थाट असतो. अशाच एका मंडईत, ओळखीच्या दुकानदाराने देऊ केलेल्या चार फूट जागेत, मी माझी पहिली धावती रोलर कोस्टर मांडली. मे महिन्यात घराच्या पडवीत एकही फेरी न चुकवणारी ती गाडी नोव्हेंबरच्या सकाळी तिसऱ्या टेकाडाच्या माथ्याखाली जेमतेम दोन सेंटिमीटरवर थबकली, उलटी घरंगळली आणि दोन टेकाडांमधल्या खोलगट भागात डोलत राहिली. ती पुन्हा चढेल म्हणून जमलेली मुले वाट पाहत होती. दुपारी ऊन तापल्यावर तीच गाडी काहीही दुरुस्ती न करता माथा ओलांडून गेली, तेव्हा चूक कळली. बेअरिंगमधले ग्रीस थंडीने घट्ट झाले होते आणि मी उंचीचा सगळा हिशेब उन्हाळ्यात केला होता.

रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. पहिल्या चढावर तिला वर नेऊन सोडले की पुढचा सारा प्रवास तिने त्या मिळालेल्या उंचीवरच करायचा असतो. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पहिली स्विचबॅक रेल्वे सुरू केली, तेव्हा प्रवासी जिन्याने वर चढत आणि गाडी उतारावर सोडून दिली जाई; आजच्या अजस्र पोलादी कोस्टरचेही मूळ तत्त्व तेच आहे. प्रतिकृतीत मात्र एक अडचण वाढते. आकार लहान करत गेले की वजन घनाच्या प्रमाणात घटते, पृष्ठभाग मात्र वर्गाच्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे लहान चाकांचे आणि बेअरिंगमधल्या ग्रीसचे घर्षण खऱ्या गाडीपेक्षा प्रतिकृतीला अधिक जाचते. म्हणून खऱ्या कोस्टरचा आराखडा जसाच्या तसा लहान करून रूळ वाकवू नयेत. आधी गाडी करावी, तिचे घर्षण मोजावे आणि मगच रुळाची रेषा आखावी. नवशिके नेमका याच्या उलट क्रम धरतात, कारण रूळ वाकवण्याचे काम अधिक आकर्षक असते.

मी १:४० हे प्रमाण निवडले. त्यात ३२ मीटरचा चढ ८० सेंटिमीटरचा होतो, माणूस चार सेंटिमीटरचा होतो आणि दोन रुळांमधले अंतर २८ मिलिमीटर येते. वेळ मात्र चाळीसपट नव्हे, तर चाळीसच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ६.३ पटीने कमी होते. खऱ्या कोस्टरला चढानंतर ६० सेकंद लागत असतील, तर प्रतिकृती साडेनऊ सेकंदांत खाली येते. पाहणाऱ्याला हा वेग अवास्तव वाटतो, परंतु गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही, हे आधीच मान्य करून चालावे.

गाडीच्या डब्याला तीन प्रकारची चाके लागतात: रुळाच्या वर धावणारी, बाहेरच्या बाजूने टेकणारी आणि रुळाखालून धरून ठेवणारी. खालच्या चाकांची कल्पना अमेरिकी कोस्टर-रचनाकार जॉन मिलर यांची असून तिचे पेटंट १९१९ चे आहे. गाडी माथ्यावर उसळूनही रूळ सोडत नाही, ती याच चाकांमुळे. वरच्या चाकांसाठी ६२३ क्रमांकाचे बेअरिंग, म्हणजे आतून ३ व बाहेरून १० मिलिमीटरचे, जसेच्या तसे चाक म्हणून वापरावे. बाजूच्या व खालच्या चाकांना याहून लहान बेअरिंग चालतात. नव्या बेअरिंगमधले ग्रीस पेट्रोलने धुऊन काढावे, हे काम उघड्यावर आणि चुलीपासून लांब करावे, आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. बाजूच्या चाकांना अर्धा आणि खालच्या चाकांना एक मिलिमीटर मोकळीक ठेवावी. याहून घट्ट बसवल्यास गाडी वळणात अडकते.

डब्याच्या बैठकीसाठी मी आमच्या गावात तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुताराकडे गेलो. नंदीच्या चारही चाकांचे आस काटकोनात नसतील तर बैल ओढताना एका अंगाला पळतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांनी सागवानाच्या तुकड्याला भोक पाडण्याआधी त्यातून सरळ तार आरपार नेऊन दोन्ही टोकांची उंची डोळ्यासमोर धरून पाहिली. त्यांच्या हातची चार डब्यांची बैठक आजही डुगडुगत नाही. पहिल्या डब्याला दोन आस असावेत. मागच्या प्रत्येक डब्याला मागे एकच आस ठेवून त्याचे पुढचे टोक आधीच्या डब्यावर टेकवावे. हा जोड डावी-उजवीकडे, वर-खाली आणि पिळातही फिरला पाहिजे, त्यासाठी सायकलच्या ब्रेकच्या वायरचा तुकडा पुरतो. वजनासाठी मासेमारीच्या जाळ्याला ओवतात त्या शिशाच्या गोळ्या बैठकीच्या तळाशी बसवाव्यात. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते लहान मुलांच्या हाती देऊ नये.

आता मोजमाप. एक मीटर लांबीच्या फळीवर दोन सरळ सळया २८ मिलिमीटर अंतराने बसवाव्यात. फळीचे एक टोक पातळ पाचरांनी थोडे थोडे उचलत न्यावे आणि प्रत्येक वेळी गाडीला हलकासा धक्का द्यावा. ज्या उतारावर ती वेग न वाढवता आणि न गमावता शेवटपर्यंत जाते, तो तिचा उतार. तो मीटरला अडीच सेंटिमीटर भरला, तर सपाट मार्गावर दर मीटरला तेवढीच उंची खर्च होते. हे मोजमाप हिवाळ्यात भल्या पहाटे घ्यावे. उन्हाळ्यात काम चालू असेल तर गाडी तासभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बाहेर काढल्यावर चाकांवर जमलेला ओलावा पुसावा आणि लगेच मोजावे. माझ्या गाडीचा उतार ग्रीससह थंडीत पाच सेंटिमीटर होता. ग्रीस धुतल्यावर तो अडीचवर आला.

खोलगट भागात आणि वळणात गाडी रुळावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट दाब देते, म्हणून मोजलेला आकडा दुप्पट धरावा. चढ ८० सेंटिमीटरचा असेल, तर चार मीटर प्रवासानंतर २० सेंटिमीटर उंची गेली असे समजून, वर आणखी पाच सेंटिमीटर राखून, तेथील टेकाड ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच करू नये. प्रत्येक टेकाडासाठी हा जमाखर्च वहीत लिहावा. मंडईत थांबलेली माझी गाडी, हा हिशेब थंडीत मोजलेल्या आकड्यावर केला असता तर थांबली नसती.

याच हिशेबातून वळणेही ठरतात. एखाद्या ठिकाणी गाडी आपल्या उपयोगी उंचीपासून, म्हणजे चढाच्या उंचीतून तोवरचा खर्च वजा करून उरलेल्या उंचीपासून, जितकी खाली असेल, त्याच्या दुपटीला वळणाच्या त्रिज्येने भागावे. उत्तर एक आले तर रूळ ४५ अंशांनी कलता ठेवावा, दीड आले तर सुमारे ५६ अंशांनी. उदाहरणार्थ, २० सेंटिमीटरची उतरण आणि ४० सेंटिमीटरची त्रिज्या असेल तर उत्तर एक येते. याच भागाकारात एक मिळवला की खोलगट भागाच्या तळाशी गाडीवर तिच्या वजनाच्या किती पट भार पडतो ते कळते: ६० सेंटिमीटर उतरण आणि ३० सेंटिमीटर त्रिज्येला तो पाचपट होतो. असा भार पेलणारे रुळाचे आधार तेथे दाट असावेत.

वर्तुळाकार लूप, म्हणजे गाडी उलटी होऊन पूर्ण फेरा घेते तो उभा वळसा, करण्याचा मोह आवरावा. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरील फ्लिप फ्लॅप रेल्वेचा लूप असाच गोल होता आणि त्यात शिरताना प्रवाशांच्या मानेला जबर हिसका बसे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटनच्या ‘रिव्होल्यूशन’ या कोस्टरसाठी जर्मन अभियंते वर्नर स्टेंगेल यांनी लूपला अश्रूच्या थेंबासारखा आकार दिला, म्हणजे खाली मोठी त्रिज्या आणि वर लहान. प्रतिकृतीत ही रेषा तीन कमानी जोडून साधते: वरची आठ सेंटिमीटर त्रिज्येची आणि दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीसच्या. खालच्या चाकांवर न लटकता गाडीने माथा पार करावा असे वाटत असेल, तर माथ्यावर वरच्या त्रिज्येच्या निम्मी, म्हणजे चार सेंटिमीटर, उंची शिल्लक हवी. पहिल्या प्रतिकृतीत लूप नसलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुळासाठी टिग वेल्डिंगच्या २.४ मिलिमीटर जाडीच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या सळया घ्याव्यात. त्या सरळ मिळतात आणि त्यांवर सोल्डर छान धरते. तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानांत त्या किलोवर मिळतात. पीव्हीसीची नळी स्वस्त असली तरी उन्हात ती लोखंडाच्या कितीतरी पट लांबते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यापासून दूर राहावे. सळई वाकवण्यासाठी फळीवर तीन बेअरिंग त्रिकोणात ठोकून त्यांमधून ती ओढावी, आणि हवी त्याहून थोडी लहान त्रिज्या धरावी, कारण सळई सोडल्यावर ती उलट ताणली जाते. दोन रुळांमधले आडवे तुकडे आतल्या बाजूनेच जोडावेत. बाहेरची बाजू, वरची आणि खालची चाकांसाठी मोकळी राहिली पाहिजे. लाकडी ठोकळ्यात २८ मिलिमीटर अंतराने दोन खाचा कोरून त्यात सळया बसवल्या की तुकडे एकसारखे जोडले जातात. सरळ भागात दर तीन सेंटिमीटरला, वळणात दर दोन सेंटिमीटरला एक तुकडा असावा. दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नयेत, आणि प्रत्येक सांधा कानशीने घासून नखाला लागणार नाही इतका गुळगुळीत करावा. सांध्यावरून नख फिरवण्याची सवय शंभर फेऱ्यांच्या निरीक्षणापेक्षा अधिक उपयोगी पडते. सोल्डर करताना धूर नाकात जाणार नाही अशी हवा खेळती ठेवावी.

आधारासाठी विदर्भात बांबूसारखे साहित्य नाही. मानवेल जातीचा बांबू भरीव असतो, आणि त्याच्या पाच-सहा मिलिमीटरच्या काड्या जुन्या लाकडी कोस्टरच्या जाळीदार सांगाड्यासारख्या दिसतात. बुरूडकाम करणाऱ्यांकडून तासलेल्या काड्या मिळाल्यास काम निम्मे होते. काड्या बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवाव्यात, नाहीतर भुंगा त्यांचे पीठ करतो. उभ्या काड्या ओळंब्याने तपासाव्यात आणि उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावी. सांधे फेव्हिकॉल आणि सुती दोऱ्याने बांधावेत. हॉट ग्लू टिनाच्या छपराखाली मे महिन्यात मऊ पडतो. खाली १२ मिलिमीटर प्लायवूडच्या चार बाय दोन फुटांच्या दोन फळ्या बोल्टने जोडाव्यात, म्हणजे त्या दारातून बाहेर निघतात आणि छोट्या मालवाहू गाडीत मावतात.

चढासाठी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून टाकून दिलेली साखळी आणि १८ दात्यांची फ्रीव्हील (मागच्या चाकाचे, एकाच दिशेने पकडणारे दातेरी चक्र) आणावी व फ्रीव्हील वेल्डिंगने घट्ट करून घ्यावी. १२ व्होल्टची, मिनिटाला ३० फेरे घेणारी गिअर मोटार लावल्यास साखळी सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर सरकते आणि गाडी डौलात चढते. डब्याखालचा सैल खटका साखळीच्या कड्यांत पडतो आणि माथ्यावर आपोआप सुटतो. चढाच्या कडेने करवतीसारख्या दात्यांची पितळी पट्टी बसवून डब्याला दुसरा खटका द्यावा; साखळी तुटली तरी गाडी मागे येत नाही, आणि खऱ्या कोस्टरची ती टक-टकही ऐकू येते. स्थानकापूर्वी वेग कमी करण्यासाठी रुळाच्या मधोमध ॲल्युमिनियमची उभी पट्टी आणि डब्याखाली तिच्या दोन्ही बाजूंना निओडायमियमचे चुंबक पुरतात. ते गाडी पूर्ण थांबवत नाहीत, त्यामुळे शेवटी सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळलेले हळू फिरणारे चाक लागते.

मंडईत किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विजेवर विसंबू नये. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर एक अँपिअर घेणाऱ्या मोटारी पाच-सहा तास सहज चालतात. मेज कमरेपेक्षा थोडे खाली ठेवावे, म्हणजे पाच वर्षांच्या मुलालाही दिसते, आणि पुढे हाताच्या अंतरावर दोर बांधावा. धुळीमुळे दर तासाला रूळ स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावे लागतात. सकाळी पहिल्या फेरीपूर्वी दव पुसून गाडी हाताने दोन-तीन वेळा पूर्ण मार्गावर फिरवावी. पहिली फेरी मात्र प्रेक्षक जमण्याआधी, आपण एकटे असताना घ्यावी आणि तिसऱ्या टेकाडाच्या माथ्यावर गाडीचा वेग किती उरतो ते पाहावे. तेथे ती रेंगाळत असेल तर चाकांना तेलाचा एक थेंब द्यावा, आणि तरीही रेंगाळली तर ऊन वर येईपर्यंत चढाची मोटार बंदच ठेवावी.

घरी परतल्यावर रुळांना तेलाचा हात फिरवावा, साखळी सैल सोडावी आणि गाडी रुळावर न ठेवता कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात फळ्या भिंतीला टेकवून उभ्या करू नयेत, कारण ओल धरून त्या वाकतात. त्या पाटावर आडव्या ठेवाव्यात आणि वर जुनी चादर घालावी.